मुंबई : बंदर, बाजार आणि आपला कापडधंदा

आमच्या सावनेरच्या बाजारात नव्याने कापडाचे दुकान टाकलेला एक तरुण परवा आम्हाला म्हणाला, "चाचा, आता मुंबईला जायचे कशाला? फोनवर नमुना बघायचा, ऑर्डर द्यायची, माल दारात." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण ज्या शहराने आपला धंदा घडवला ते ओळखल्याशिवाय धंद्याची रीत कळत नाही, असे आमचे मत आहे. म्हणून हा लेख.

सात बेटांचे शहर

मुंबई मुळात सात बेटे. १५३४ साली ती पोर्तुगिजांकडे गेली. १६६१ साली पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहात ती इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. १६८७ साली कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला आणले. व्यापाऱ्याने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुंबई मोठी झाली ती सुरतेचा व्यापार ओढून, आणि आज साड्या व सिंथेटिक कापडात सुरतेने तो बराचसा परत नेला आहे. बाजार कोणाच्याही नावावर कायमचा लिहिलेला नसतो.

पुढे भराव घालून बेटे जोडली गेली. पारशी, भाटिया, बोहरा, खोजा, मेमन, बगदादी यहुदी, कोकणी नाखुदा असे नाना जमातींचे लोक आले. एकाकडे जहाज, दुसऱ्याकडे भांडवल, तिसऱ्याकडे गिऱ्हाईक. कोणालाही एकट्याने धंदा करणे शक्य नव्हते. या शहराचा स्वभाव यातूनच बनला.

आपला कापूस, त्यांचे बंदर

सावनेरच्या कापसाचे मुंबईशी नाते जुने आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेतील गिरण्या हिंदुस्थानच्या कापसासाठी धावल्या. भाव आकाशाला भिडले. मुंबईत कंपन्यांचे शेअर कागदाच्या पतंगासारखे उडाले. १८६५ साली युद्ध संपले, पतंग कटले, आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. प्रत्यक्ष मालाशिवाय केलेल्या सट्ट्याचा शेवट कसा होतो, हे त्या वर्षाने दाखवले.

पण रेल्वे राहिली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली गाडी १८६७ साली नागपूरला पोहोचली. १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला आणि विलायतेचा सागरी मार्ग तोकडा झाला. कावसजी दावर यांनी १८५४ साली गिरणी कंपनी काढली होती. तिच्यामागून गिरण्यांची रांग लागली. आपल्याकडचाच कापूस गाठी होऊन जायचा आणि थाने होऊन परत यायचा.

मोहल्ले आणि त्यांचे धंदे

पूर्वी विदर्भाचा व्यापारी बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरला की त्याचा सारा बाजार पायी होत असे. क्रॉफर्ड मार्केट (आता महात्मा फुले मंडई) ओलांडले की मंगळदास मार्केट, पलीकडे मुळजी जेठा मार्केट, लागून झवेरी बाजार. याच भागात १८०२ सालची जामा मशीद जुन्या तलावावर उभी आहे आणि मुंबादेवीचे मंदिरही येथेच. मस्जिद बंदर हे नाव तर १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेल्या बेने इस्रायलींच्या प्रार्थनास्थळावरून पडले, असे सांगतात. पुढे मोहम्मद अली रोड, भेंडी बाजार, नळ बाजार. मदनपुऱ्यात उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर. आमच्या कामठीचे विणकरही त्याच बिरादरीचे.

मध्य मुंबईत लालबाग-परळचे गिरणगाव होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. गिरण्यांच्या जागी आज टॉवर आणि मॉल आहेत. विणकाम भिवंडीच्या पॉवरलूमवर गेले. बंदराचा कंटेनर-व्यापार १९८९ पासून खाडीपलीकडे न्हावा शेवाला गेला. २०२५ साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्गही नागपूरहून निघून भिवंडी तालुक्यात आमणे येथे संपतो. मालाची वाट बदलली, हे रस्ताच सांगतो.

एक नुकसान, एक उपकार

आम्ही १९८८ साली वडिलांबरोबर प्रथम मुंबईला गेलो. उर्दू शाळेत शिकलेलो, मराठी बाजारात पिकलेली, गुजराती शून्य. वडील ज्या पेढीवर जात तेथे भाव थोडा चढा वाटे. एका वर्षी वडिलांना न विचारता आम्ही दुसऱ्या ठिकाणी रोखीने शाळेच्या गणवेशाचे चाळीस तागे घेतले. पक्के बिल नाही, स्वस्तात मिळाले म्हणून खूश. सावनेरला मोजले तर तागा दीड-दोन मीटर कमी आणि पन्नाही अरुंद. शिंपी म्हणाला, एवढ्यात शर्ट बसत नाही. ऐन जूनमध्ये गिऱ्हाइके परत गेली. तक्रार करणार कुठे? हातात चिठ्ठीही नव्हती.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. ईदची खरेदी तोंडावर होती. वडिलांनी आम्हाला जाऊ दिले नाही. यंदा दुकान रिकामेच राहणार, असे धरून आम्ही बसलो होतो. एके दिवशी ट्रान्सपोर्टची बिल्टी आली. त्या जुन्या पेढीच्या शेठजींनी मागल्या वर्षीच्या यादीप्रमाणे माल पाठवला होता. सोबत दोन ओळी : या वर्षी येऊ नका, पैसे ईदनंतर पाठवा. १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, त्यात झवेरी बाजारही होता. ईद होताच आम्ही ड्राफ्ट घेऊन स्वतः गेलो. शेठजींनी आधी वडिलांची तब्येत विचारली, मग चहा मागवला, हिशेब शेवटी. त्यांचा भाव चढा का होता, ते आम्हाला त्या दिवशी उमगले.

नव्या दुकानदारांना

फोनवर जरूर मागवा. पण वर्षातून एकदा बाजार पायी फिरा. कापड बोटांनी पाहा, पन्ना स्वतः मोजा, पक्के बिल घ्या. मुद्दत ठरली असेल तर एक दिवस आधी पैसे पोहोचवा. एकाच ठिकाणी सारी खरेदी करू नका, पण एक पेढी अशी ठेवा की जिला तुमचे नाव ठाऊक आहे.

त्या तरुणाला आम्ही म्हटले आहे, पुढच्या हंगामाला बरोबर चल. मुळजी जेठात त्या शेठजींचा नातू आता गादीवर बसतो. तुझी ओळख करून देऊ. पत कमावणे मात्र तुझे तुलाच करावे लागेल.