कबड्डीची पंचगिरी आणि गुणलेखन : नोकरीच्या जोडीला एक कौशल्य

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावपाड्यांत भाताची झोडणी उरकली की कबड्डीच्या स्पर्धांना रंग चढतो. या स्पर्धांना खेळाडूंची वाण नसते. वाण असते ती नियम मुखोद्गत असलेल्या पंचांची आणि गुणतक्ता बिनचूक भरणाऱ्या गुणलेखकांची. ‘खेळाने पोट भरेल का’ हा पालकांचा प्रश्न रास्त असून त्याचे उत्तर आधीच दिलेले बरे : पंचगिरीत मासिक पगार नसतो, सामन्यांचे मानधन आणि प्रवासखर्च असतो, त्यामुळे शिक्षण सोडून हा मार्ग धरणे शहाणपणाचे नाही, पण शिक्षण किंवा नोकरी सांभाळून तो धरता येतो. क्रिकेटमध्ये १४ कसोटी सामन्यांत पंच राहिलेले ठाण्याचे पिलू रिपोर्टर वीज मंडळात नोकरी करीत होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

कबड्डीच्या सामन्यास एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहाय्यक गुणलेखक लागतात. चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली तेव्हा त्याचा मागचा पाय हवेत होता की नाही, हे पंच डोळ्यांत तेल घालून पाहतो, तर पंचांत मतभेद झाल्यास सरपंच निर्णय देतो. सहाय्यक गुणलेखकाचे काम वरवर किरकोळ वाटते, परंतु बाद झालेले खेळाडू ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने परत यावे लागतात आणि तो क्रम त्याच्याच नोंदीवर अवलंबून असतो. समोर सहा किंवा सात खेळाडू असताना एखाद्याने बोनस मिळवून दोघांना स्पर्श केला व तो परतला, तर संघाला तीन गुण मिळतात. मात्र बोनसवर कोणी जिवंत होत नाही, म्हणून त्याच्या संघाचे दोनच खेळाडू आत येतात. नवख्या गुणलेखकाची गफलत हमखास येथेच होते. संपूर्ण संघ बाद झाल्यास होणाऱ्या लोणाचे दोन गुण वेगळे नोंदवावे लागतात.

लेखनाची ही शिस्त इतर खेळांतही उपयोगी पडते. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षकांच्या जागांना १ ते ९ असे क्रमांक असून शॉर्टस्टॉपने चेंडू पहिल्या बेसकडे फेकून फलंदाजाला बाद केले, तर गुणलेखक केवळ ‘६-३’ असे लिहितो.

नियमांच्या नेमक्या शब्दांना किती मोल असते, हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेच्या भारत-इराण अंतिम सामन्यात दिसले. २८-२८ अशी बरोबरी असताना भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात, म्हणजे झटापट झाल्याखेरीज खेळात न धरल्या जाणाऱ्या कडेच्या पट्ट्यात गेला आणि त्याच्यामागोमाग इराणचे बचावपटूही गेले. तेव्हा जुन्या नियमाप्रमाणे सगळेच बाद की नव्या नियमाप्रमाणे केवळ चढाईपटू, या वादात सामना बराच वेळ थांबला आणि अखेर भारत ३३-२९ असा विजयी झाला. जुना व नवा नियम दोन्ही ठाऊक असलेल्या पंचाची गरज याहून स्पष्ट दिसणार नाही.

प्रारंभ जिल्हा कबड्डी संघटनेच्या पंच परीक्षेपासून करावा व पुढे राज्य परीक्षेकडे वळावे. अटी त्या त्या वेळच्या सूचनेत पाहाव्यात. तत्पूर्वी शाळेच्या किंवा आश्रमशाळेच्या तालुकास्तरीय सामन्यांत क्रीडाशिक्षकाच्या हाताखाली गुणतक्ता भरण्याचा सराव उत्तम. शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षण मात्र खेळाडूच्या कामगिरीसाठी आहे, पंचाच्या प्रमाणपत्रासाठी नव्हे, ही गल्लत अनेक घरांत होते. क्रीडाशिक्षक व्हायचे असल्यास बी.पी.एड. ही पदवी वेगळी घ्यावी लागते.

प्रकाशझोतातील सामने रात्री उशिरापर्यंत चालतात. मुरबाडला रेल्वे नाही आणि आसनगाव किंवा आटगाव स्थानकावर उतरल्यावर पाड्यापर्यंत वाहन मिळेलच असे नाही, तेव्हा निमंत्रण स्वीकारतानाच परतीची किंवा मुक्कामाची सोय आयोजकांकडून ठरवून घ्यावी.