गिझर लावला की घर अंधारात

प्रश्न : आमचं सिडकोचं जुनं घर. वायरिंग झालं, भिंती रंगल्या आणि आता गिझर लावला की नवा आरसीसीबी पडतो, अख्खं घर अंधारात! वायरमन म्हणतो, ‘काढून टाकू.’ काढावा का?
– एक वाचक, खांदेश्वर

उत्तर : मुळीच नको. तो बहुधा बिघडलेला नाही, आपलं काम चोख करतोय. घरगुती आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडतो. शॉक लागला तर जीव त्यामुळेच वाचतो. मेन बंद करून गिझरचा प्लग काढा, मग मेन आणि पॉइंट सुरू करा. आरसीसीबी टिकला, तर दोष बहुधा गिझरच्या कॉइलचा किंवा एकत्र बांधलेल्या न्यूट्रलचा. कॉइल तपासून घ्या, खराब असेल तर बदला. पडलाच, तर दोष वायरिंगचा, बहुधा भिंतीतली ओल. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून वायरिंगची मेगर (इन्सुलेशन) टेस्ट करून घ्या. वायर खराब निघाली, तरी भिंतीतल्या पाइपातून ती बदलता येते. भिंत फोडावीच लागेल असं नाही. तोवर गिझर बंदच ठेवा.