सड्यावरील दीपकाडी आणि सातबाऱ्यांतील पोटखराबा

कोंकणांतील ज्या शेतकरी बंधूंच्या खात्यास सड्याचा एखादा तुकडा लागलेला आहे, त्यांनीं हा पाठ विशेष लक्षपूर्वक वाचावा. भातखाचरें, वरकस व बागाईत यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. परंतु सडा म्हणजे निरुपयोगी कातळ अशी समजूत असल्यानें त्याकडे कोणी पाहत नाहीं. आमचा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला, त्यामुळें ही समजूत कोठून दृढ झाली हें आम्हांस ठाऊक आहे. सातबाऱ्यावर अशी जमीन ‘पोटखराब’ म्हणून दाखल असते, आणि खराब म्हणून लिहिलेली वस्तु मालकासही खराब वाटूं लागते. वास्तविक त्या शब्दाचा अर्थ एवढाच कीं, लागवडीस अयोग्य म्हणून त्या क्षेत्रावर आकार बसविलेला नाहीं.

या सड्यावर दीपकाडी नांवाची एक कंदवर्गीय वनस्पति होते. शास्त्रांत तिला डिपकाडी कोंकनेन्स म्हणतात. म्हणजे तिच्या नांवांतच आमचा प्रांत आहे. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा अभ्यास करणारे डाल्झेलसाहेब यांनीं एकोणिसाव्या शतकांत तिचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें. रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे आणि गोमंतक हेंच तिचें मुख्य वतन होय.

कंद लहान कांद्यासारखा व पातीं गवतासारखीं अरुंद, म्हणून फूल नसतां ती ओळखणें कठीण. मृगाच्या सरींनीं कातळ भिजला कीं पातीं फुटतात, आणि जून-जुलै महिन्यांत मधून सरळ दांडा निघून त्यावर पांढरीं शुभ्र, सुवासिक फुलें येतात. ओळखण्याची खूण फुलाच्या नळींत आहे. पाकळ्या बुडाशीं एकमेकींस जुळून लांब नळी झालेली असते. मुसळीचें फूलही पांढरेंच, पण त्याच्या पाकळ्या चांदणीप्रमाणें सुट्या पसरतात. कोळकांद्यास तर पातीं येण्यापूर्वींच फुलें येऊन जातात, म्हणून त्याच्याशीं घोटाळा होऊं नये. पांढरा रंग, लांब नळी व सुवास हीं तिन्ही लक्षणें रात्रीं हिंडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांस बोलावणाऱ्या फुलांचीं आहेत. फुलामागून तीन धारांचें बोंड धरतें व त्यांत काळें बीं असतें. पावसाळा सरला कीं पातीं वाळतात, आणि कंद कातळाच्या भेगेंतील चिमूटभर मातींत पुढच्या मृगापर्यंत निजून राहतो.

आतां ती सड्यावरच कां? जांभ्याचा कातळ उन्हाळ्यांत तव्यासारखा तापतो, आणि पावसाळ्यांत त्याच कातळावर जागोजागीं पाणी सांचतें. रत्नागिरीकडे वर्षास 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु माती कांहीं बोटेंच असल्यानें मोठ्या झाडास तेथें पाय रोवतां येत नाहीं. सावली नाहीं व उंच गवताची दाटी नाहीं, ही स्थिति दीपकाडीस मानवते. गेंद, सीतेचीं आसवें, दवबिंदू हे तिचे शेजारी. त्यांपैकीं सीतेचीं आसवें व दवबिंदू हीं बारीक जीव धरून खातात. इतकी ती भूमि निःसत्त्व! तेथें गाडीभर माती व शेणखत घालणें हा आमच्या दृष्टीनें उपकार. दीपकाडीच्या दृष्टीनें तो अंत आहे.

हीच गोष्ट गेल्या कांहीं दशकांत मोठ्या प्रमाणावर घडली. 1990 च्या सुमारास रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना आली. सुरुंगानें खड्डे पाडून, बाहेरून माती आणून कातळावर हापूस व काजू उभे राहिले. ज्यांनीं तो उद्योग केला त्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्या हापुसावर कित्येक घरांतील मुलांचीं शिक्षणें झालीं. पुढें 2018 सालीं नियम बदलून, लागवडीखालीं आणलेला वर्ग ‘अ’ चा पोटखराबा लागवडयोग्य म्हणून दाखल करण्याची सोय झाली. शेतकऱ्याच्या सोयीचाच हा नियम, परंतु कातळ फोडण्यास त्यानें आणखी एक कारण पुरविलें. चिरेखाणींचें तर बोलणेंच नको. बागेच्या कडेस निदान एखादी भेग उरते. खाणींत कातळाबरोबर कंदही जातो आणि मागें डबकें राहतें.

वनस्पतिशास्त्रज्ञांनीं दीपकाडीची गणना संकटग्रस्त वनस्पतींत केलेली आहे. पण तिला राखणार कोण? 2012 सालीं पश्चिम घाटांतील 39 स्थळें जागतिक वारसा ठरलीं. त्यांत कासचें पठार आलें, कोंकणांतील सखल सडे आले नाहींत. 2022 सालीं येथील कातळशिल्पें युनेस्कोच्या संभाव्य यादींत गेलीं खरीं, पण ती मान्यता चित्रांची, फुलांची नव्हे. शिवाय येथील बहुतेक सडे खाजगी खातेदारांचे किंवा गांवाचे आहेत. तेव्हां प्रश्न सरकारी वनरक्षकाचा नसून खातेदाराचा होतो. त्याच्या स्वार्थाचीही एक बाब यांत आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळें सड्यावर पडलेलें पाणी आंत मुरतें, व पायथ्याच्या झऱ्यांवाटे तेंच खालच्या पोफळीस मिळतें.

करावयाचें फार थोडें आहे. जून-जुलैंत एकदां स्वतः सड्यावर फिरून फुलें कोठें आहेत तें पाहावें. नवी लागवड करणेंच असेल तर ती माती खोल असलेल्या उताराकडे घ्यावी आणि उघडा कातळ तसाच ठेवावा. गवत बोंडें फुटून बीं पडल्यावर कापावें. कंद उपटून अंगणांत लावण्याची हौस कोणीं करूं नये, व शहरांतून मागावयास येणाऱ्यांस ते देऊंही नयेत. 2002 च्या जैवविविधता कायद्यान्वयें गांवोगांवीं समिति व लोकजैवविविधता नोंदवही असावयाची आहे. तींत दीपकाडीची नोंद करवून घ्यावी. नोंद करतांना सर्व्हे नंबर, हिस्सा व चतुःसीमा अवश्य लिहाव्या. ‘गांवच्या सड्यावर आढळते’ अशा मोघम नोंदीवरून पुढें जागा सांपडत नाहीं.