नांदूर मध्यमेश्वर : गाळातले वैभव

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला तो शेतीच्या पाण्यासाठी. पाखरे कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. मागे गाळ साचला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधाऱ्याच्या हिशेबी हे नुकसानच. पण शेकाट्याचे पाय टेकतात, तलवार बदकाची चोच तळाला पोहोचते, ती अशाच पाण्यात. १९८६ साली येथे अभयारण्य झाले. २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत महाराष्ट्रातून पहिले नाव याचेच लागले.

आता पाहणाऱ्यांची सोय हवी, हे खरेच. माझ्या मते मात्र ती चापडगावच्या मनोऱ्यासारखी, दुरून दुर्बिणीने पाहण्याची असावी. रस्ता पाण्याला भिडवला की थवे उठतात, आणि उत्तरेकडून आलेल्या बदकांची चरण्याची वेळ उडण्यातच जाते.