कोपरामागील शीर : मज्जातंतूंची रचना व विद्युत-परीक्षा

संत्र्याच्या तोडणीत फांदीवर कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव रामाकोन्याच्या शेतकऱ्यास नवा नाही. लोक त्यास 'शीर दुखावली' असे म्हणतात. ही शीर रक्ताची नसून मज्जातंतूंची जुडी होय. कोपराच्या हाडामागे ती कातडीखाली इतकी उथळ असते की बोटाने चाचपता येते. कुष्ठरोगाची पारख करणारे आरोग्यसेवक प्रथम हीच जुडी चाचपतात, व ती सुजलेली अथवा दुखरी आहे काय हे पाहतात.

या जुडीची रचना कापसाच्या दोरासारखी समजावी. बारीक तंतूंचे पुंजके, प्रत्येक पुंजक्याभोवती चिवट वेष्टण, आणि सर्वांवर एक सैलसर आवरण. प्रत्येक जाड तंतूवर श्वान पेशींनी मायलिन नावाच्या स्निग्ध द्रव्याचे थर गुंडाळलेले असतात. या आवरणात सुमारे एकेक मिलिमीटरवर फटी असतात. तंतूच्या आतील बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 सहस्रांश व्होल्टने ऋण असते. उद्दीपन होताच सोडियमचे आयन आत शिरतात, क्षणभर हा भेद उलटतो आणि संदेश एका फटीवरून दुसरीवर उडी घेत जातो. तारेतील विजेशी याची तुलना नेहमी केली जाते. परंतु ती अर्धीच खरी आहे, कारण येथे प्रत्येक फटीवर संदेश नव्याने उभा राहतो.

हान्सेन यांनी 1873 साली पाहिलेला कुष्ठरोगाचा जंतू नेमका श्वान पेशींतच ठाण मांडतो. त्यास शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून कोपर, मनगट, गुडघा व घोटा येथील उथळ जुड्या प्रथम बिघडतात. शरीराच्या प्रतिकारामुळे जुडी सुजते, चिवट वेष्टण सैल पडत नाही, आणि तंतू आतल्या आत चिरडले जातात.

बिघाड किती झाला हे विजेच्या साहाय्याने मोजता येते. मोठ्या रुग्णालयांत मनगटापाशी कातडीवर क्षणिक विद्युत-धक्का देऊन करंगळीच्या बुडाशी असलेल्या स्नायूचा प्रतिसाद नोंदवितात. मग तोच धक्का कोपराच्या वर देतात. दोन ठिकाणे कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. तंतू संपून स्नायू जागा होण्यास जो वेळ लागतो तो दोन्ही नोंदींत सारखाच असतो. वजाबाकी करताच तो गळून पडतो व केवळ मधल्या अंतराचा वेळ उरतो. समजा, अंतर 25 सेंटिमीटर व वेळेचा फरक सेकंदाचा 5 सहस्रांश आहे. तर वेग सेकंदास 50 मीटर, म्हणजे निरोगी आला. फरक 10 सहस्रांश भरला, तर वेग 25 मीटरवर उतरला. आवरण झिजले असे समजावे. वेग बरा पण प्रतिसाद खुजा असेल, तर तंतूच कमी झाले आहेत. हात गार असला तरी वेग घटतो, दर अंशास सुमारे 2 मीटर. म्हणून हिवाळ्यात हात आधी कोमट करून घ्यावा लागतो.

मात्र या परीक्षेस एक मोठी मर्यादा आहे. ती जाड, जलद तंतूंचेच बोलणे ऐकते. ऊनगार व वेदना वाहणारे बारीक तंतू सेकंदास एखादाच मीटर चालतात. यंत्रास ते दिसत नाहीत, आणि कुष्ठरोगात बहुधा तेच आधी जातात. तव्याचा चटका न जाणवणाऱ्या गृहिणीची विद्युत-नोंद निर्दोष निघू शकते. वेल्लोर येथील शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटांची झीज बरीचशी जंतूमुळे नव्हे, तर अशा न जाणवलेल्या जखमांमुळे होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम उभारले, तेव्हा जंतूवर प्रभावी औषधच नव्हते. बहुविध औषधोपचार 1982 पासून उपलब्ध झाला. आज तो शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतो. मज्जातंतूची सूज लवकर, शक्यतो सहा महिन्यांच्या आत कळल्यास प्रेडनिसोलोनने गेलेली शक्ती पुष्कळदा परत येते.

म्हणून शाळेतील मुलाच्या अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसल्यास शिक्षकांनी त्यास डोळे मिटावयास सांगावे, चट्ट्यावर पेनचे टोक हलकेच टेकवावे, आणि टेकले ते ठिकाण बोटाने दाखविण्यास सांगावे. नंतर करंगळी बाहेर ताणून धरावयास लावून आपल्या बोटाने आत दाबून पाहावी. ठिकाण चुकले वा करंगळी सहज दबली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. मुलास वर्गातून उठविण्याचे मात्र काही कारण नाही.