हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी गेला, पण तुमचे किती वाचले?

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी शून्य झालाय. मूळ प्रीमियम 20,000 असेल, तर आधी आपण 23,600 भरायचो, आता 20,000. सरळ 3,600 वाचले.

पण थांबा. रिन्यूअलची नोटीस आली की फक्त खालचा आकडा बघू नका, मूळ प्रीमियम मागच्या वर्षीच्या मूळ प्रीमियमशी ताडून बघा. जीएसटी गेला तसं विमा कंपनीला स्वतःच्या खर्चावर मिळणारं इनपुट क्रेडिटही गेलं. त्यात वय वाढलं की प्रीमियम वाढतोच. 20,000 चे 22,000 झाले, तर तुमच्या हातात 1,600 च राहिले ना!

आणि दुकानदारांनो, ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही. स्टाफसाठी दुकानाच्या नावावर घेतली तर 18 टक्के लागतोच. कायद्याने सक्तीची नसेल तर त्याचं क्रेडिटही मिळत नाही.

वाळूजला कंपनीत नोकरी करणाऱ्यांची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर सुटते. म्हणून घरची वेगळी पॉलिसी, छोटी का होईना, आत्ताच सुरू करा. आधीपासूनच्या बीपी-शुगरसाठी वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त 3 वर्षं आहे, आधी 4 होता. पण तो पॉलिसी घेतल्यापासूनच मोजतात. हप्ता चुकला, ग्रेस पिरियडही गेला, की परत पहिल्यापासून. माझा हप्ता नेमका दिवाळीचा माल भरायच्या वेळी येतो, म्हणून मी दर महिन्याला गल्ल्यातून 2,000 वेगळे काढून ठेवतो.