चार इंचांची पट्टी

तळहातावर मावणारी मोटार दिसली कीं आपण तिला खेळणें म्हणून बाजूस सारतों. परंतु अशा प्रतिकृति मोठीं माणसेंही कांचेच्या कपाटांत जपून ठेवतात. आणि त्यांतील एखादी नीट पारखावयाची तर अंकगणित, धातूंचें ज्ञान व थोडा इतिहासही हाताशीं असावा लागतो. उदाहरणादाखल आम्ही इंग्लंडांतील 'मॉरिस मायनर' या मोटारीची प्रतिकृति घेतों.

मूळ मोटार १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. ऑक्सफर्डनजीक कौली येथील कारखान्यांत ती तयार होत असे. साध्या प्राप्तीच्या कुटुंबास परवडावी हा तिचा हेतु. पुढें खेडोपाडीं फिरणाऱ्या परिचारिका आणि टपालखातेंही ती वापरूं लागलें. १९७१ सालीं तिचें उत्पादन थांबलें, तोंवर सोळा लाखांच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या होत्या. आपल्याकडे २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबेसेडर ही याच घराण्यांतील 'मॉरिस ऑक्सफर्ड'वरून घेतलेली, हें पुष्कळांस ठाऊक असेलच.

आतां प्रमाणाकडे वळूं. संग्राहकांच्या प्रतिकृति बहुधा १:४३ या प्रमाणांत असतात. हा चमत्कारिक आंकडा आगगाडीच्या खेळण्यांतून आला. तेथें एका फुटाऐवजीं ७ मिलिमीटर धरीत, फुटाचे ३०४.८ मिलिमीटर सातांनीं भागले म्हणजे सुमारें साडेत्रेचाळीस येतात. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनें १९३३ सालीं या आगगाड्यांच्या जोडीस लहान मोटारी काढल्या. त्याच पुढें 'डिंकी टॉइज' या नांवानें प्रसिद्धीस आल्या. याउलट 'मॅचबॉक्स' मोटारींचें माप काड्यांच्या पेटीनें ठरविलें. जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेंत काड्यापेटींत मावेल एवढेंच खेळणें आणण्याची परवानगी होती, त्यांतून ती कल्पना निघाली!

मायनर १४८ इंच, म्हणजे ३.७६ मीटर लांब. त्रेचाळिसांनीं भागतां प्रतिकृति सुमारें ८७ मिलिमीटर भरते. पण लांबी ४३ पट घटली म्हणजे पृष्ठभाग १,८४९ पट आणि घनफळ ७९,५०७ पट घटतें. रंगाचा थर मात्र त्या मानानें घटत नाहीं. प्रतिकृतीवर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा रंग बसला, तरी मूळ मोटारीच्या हिशोबानें तो ४.३ मिलिमीटरांचा लेप झाला. दारांच्या बारीक रेषा बुजतात त्या यामुळेंच.

परीक्षेची खरी जागा मात्र बॉनेटवर आहे. मायनरचे रचनाकार ॲलेक इसिगॉनिस (विद्यार्थिदशेंत हे गृहस्थ गणितांत तीनदां नापास झाले होते) यांस तयार नमुना अरुंद वाटूं लागला. त्यांनीं तो लांबीच्या दिशेनें मधोमध कापविला, दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून दूर सरकवीत नेले, आणि चार इंचांची फट पडल्यावर तो त्यांच्या डोळ्यांस प्रमाणशीर दिसला. ही दुरुस्ती अगदीं ऐन वेळेची होती. बॉनेटच्या मध्यभागीं सपाट पट्टी घालावी लागली. बंपर तर आधींच तयार झालेले, तेही कापून मध्यें तुकडा जोडावा लागला. कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड नफील्ड यांस ही गाडी मुळींच आवडली नव्हती; त्यांनीं तिला पाण्यांत शिजविलेल्या अंड्याची उपमा दिली होती! १:४३ प्रमाणांत ती पट्टी २.४ मिलिमीटरांहूनही कमी रुंद होते. सांचा करणारानें ती गाळली तर अनभिज्ञास कांहीं उणें भासणार नाहीं. पण आमच्या मतें ती प्रतिकृति मग मायनरची नव्हे, कोणत्या तरी गोल मोटारीची होय.

संग्राहक आणि बालक यांचें येथें पटत नाहीं. मूळ खोक्यासह, चाकांस धूळ न लागलेल्या प्रतिकृतीस अधिक किंमत येते. खेळून रंग उडालेलीस थोडी. खेळण्यासाठींच जन्मलेल्या वस्तूस न खेळल्याबद्दल बक्षीस मिळावें, हें आम्हांस विपरीत वाटतें. शिवाय जपूनही ती टिकेलच असें नाहीं. या मोटारी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. त्यांत शिशाचा अल्पसा अंश मिसळला गेला, तर हवेंतील ओलाव्यानें कणांच्या सांध्यांतून गंज आंत शिरतो, धातु फुगतो आणि तडकतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या पुष्कळ डिंकी मोटारींचा कोणी हात न लावतांही असाच भुगा झाला. पुढें अधिक शुद्ध जस्त वापरांत आल्यानें हा दोष ओसरला. तरीही जुनी प्रतिकृति विकत घेणारा जाणता माणूस प्रथम ती उलटी करून खालच्या बाजूस भेग आहे कीं काय तें पाहतो, आणि मगच किंमत विचारतो.